खान्देशात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी: भांडखोर मासे पाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव अशा ठिकाणांहून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः जळगावात आठ वर्षांपासून खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळतो. मुंबईतल्या माणसाचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, हे मासे गमावूनच कळलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, घरात बोअरचं पाणी येतं आणि समुद्र लांब आहे. त्यात मासा भांडखोर असेल तर चुकीला जागा आणखी कमी. माझं म्हणणं थोडक्यात असं: आधी मासा ठरवा, मग त्याच्यापुरती टाकी करा. टाकी आणून तिच्यात काय काय मावेल हे बघत बसू नका.

"छोटी टाकी" म्हणजे नेमकी केवढी?

भांडखोर माशांसाठी मी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच ही सर्वांत लहान टाकी धरतो. हिशेबाने ती सुमारे १९० लिटरची होते. दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. पुढचे सगळे हिशेब या दीडशे लिटरचेच आहेत.

काच, दगड, पाणी धरून वजन अडीचशे किलोच्या घरात जातं. जुन्या धाब्याच्या घरात माडीवर ती ठेवू नका. तळमजला, आतली खोली आणि पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर अशी जागा बघा. टाकी बनवून घेतली तर दोन दिवस साधं पाणी भरून गळती तपासा. ओट्यावर गळलेलं साधं पाणी पुसता येतं. खारं पाणी फरशीखाली आणि लोखंडात शिरलं की ते निस्तरणं अवघड.

दोन फूट, एक फूट, एक फूट अशी ५५ लिटरची टाकीही चालते, पण तिच्यात एकच मासा. एखादा निळा डॅमसेल किंवा एखादा डॉटीबॅक, बस.

मग यात कोणते मासे ठेवता येतील?

लोक "आक्रमक" या एका शब्दात दोन वेगळ्या जातींचे मासे कोंबतात. एक असतो जागेसाठी भांडणारा. डॅमसेल, मरून क्लाउन, डॉटीबॅक हे या गटातले. ते दुसऱ्याला खात नाहीत, पण आपल्या दगडापाशी फिरकू देत नाहीत. दुसरा असतो शिकारी. लायन फिश कुणाशी भांडत नाही, शांत तरंगत राहतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळून टाकतो. पहिल्या गटाला जागा आणि आडोसा लागतो, दुसऱ्याला शेजारी मोठे लागतात. हा फरक लक्षात आला की निम्म्या चुका टळतात.

तीन फुटी टाकीसाठी माझ्या पसंतीच्या तीन मांडण्या सांगतो.

पहिली मरून क्लाउनची. मादी १५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, नर तिच्या निम्म्याहूनही लहान राहतो. गालावर काटा असतो. काच पुसायला हात घातला तर ती हाताला चावते, आणि चांगलं जाणवेल असं चावते. सगळे क्लाउन आधी नर असतात, त्यातला दांडगा मासा पुढे मादी होतो. म्हणून जोडी हवी असेल तर एक मोठा आणि एक अगदी लहान घ्या. दोन मोठ्या माद्या एका टाकीत घातल्या तर एक मरेपर्यंत भांडण चालतं. या जोडीबरोबर एखादा फ्लेम हॉकफिश राहू शकतो. तो दगडाच्या टोकावर बसून सगळीकडे डोळे फिरवत असतो, आणि सहसा स्वतःची बाजू राखतो.

दुसरी फझी ड्वार्फ लायन फिशची. १५-१७ सेंटिमीटरचा हा मासा दिवसा दगडाखाली आणि संध्याकाळी बाहेर असतो. याच्याबरोबर ठेवायचाच तर त्याच्या लांबीच्या दोन तृतीयांशापेक्षा मोठा मासा ठेवा. तोही एकच.

तिसरी व्हॅलेंटिनी पफरची. दहा-अकरा सेंटिमीटरचा, माणसाला ओळखणारा मासा. तुम्ही खोलीत आलात की काचेशी येतो. पण तो दुसऱ्यांचे पर कुरतडतो, म्हणून लांब परांच्या लायन फिशबरोबर त्याला कधीच ठेवू नका.

ट्रिगर किंवा मोठा लायन फिश लहान असताना घेतला तर?

नको. पिकासो ट्रिगर ३० सेंटिमीटर होतो, क्लाउन ट्रिगर ५० पर्यंत जातो, नेहमीचा मोठा लायन फिश ३५ च्या पुढे. "टाकीएवढाच वाढतो" असं दुकानात सांगतात. मासा टाकी बघून वाढत नाही. कोंडला की आजारी पडतो, चिडतो आणि लवकर जातो.

दुकानदार म्हणतो, "आधी चार डॅमसेल टाका, पाणी तयार झालं की दुसरे मासे घ्या." हे बरोबर का?

मला हेच सांगितलं होतं. दुकानाचं नाव घेत नाही. चार डोमिनो डॅमसेल घेतले, काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके, बोटाच्या पेरापेक्षा लहान. पहिल्या पंधरवड्यात अमोनियाने दोन गेले. तिसऱ्याला चौथ्याने कोपऱ्यात दाबून संपवलं. उरलेला एक वर्षभरात तळहाताएवढा, राखाडी झाला आणि त्यानंतर त्याने टाकीत दुसरा कुणी टिकू दिला नाही. नव्या माशाला तो दिवसभर पंपाच्या मागे रेटून ठेवायचा. त्याला बाहेर काढायला सगळे दगड उपसावे लागले.

म्हणजे दोन्ही बाजूंनी वाईट. पाणी तयार नसताना टाकलेला मासा कल्ले जाळून घेतो, आणि जो वाचतो तो टाकीचा मालक होतो. डॅमसेल ठेवायचाच असेल तर तो सर्वांत शेवटी येतो.

मग माशांशिवाय पाणी कसं तयार करायचं? किती दिवस लागतात?

चार ते सहा आठवडे. काम जिवाणूंचं आहे. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन विषारी आहेत, तिसरं बऱ्याच प्रमाणात चालतं. जिवाणूंना वाढायला खाऊ हवा, म्हणून अमोनियम क्लोराइड मोजून टाकतात, किंवा बाजारातल्या कोळंबीचा एक तुकडा जाळीच्या पिशवीत बांधून सोडतात. मोजून टाकलेलं बरं, कारण मग खात्री करता येते. अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) केला आणि चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी माशासाठी तयार. नायट्रेट साचलेलं असेल, तर मासा आणण्याआधी निम्मं पाणी बदलून घ्या.

या काळात टाकी रिकामी दिसते, घरचे विचारतात. माझी आजी रोज विचारायची, "हाऊ मासा खावाना शे का देखाना?" टाकीत मासाच नव्हता. महिना-दीड महिना थांबता आलं तर पुढची काही वर्षं सोपी जातात.

बोअरचं पाणी चालेल का? घरातल्या आरओचं?

बोअरचं थेट नाही. आपल्याकडे केळी-कापसाच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी जड असतं आणि खतांमधलं नायट्रेट त्यात उतरलेलं असू शकतं. म्हणजे ज्या नायट्रेटसाठी आपण पाणी बदलतो, तेच आपण बादलीने टाकीत ओततो. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरिन असतं, ते जिवाणू मारतं.

आरओचं पाणी घ्या, पण नळीपाशी नीट बघा. घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, त्यामुळे पेल्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ६०-१०० दिसतो. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, थेट निघणाऱ्या पाण्याला एक वेगळी तोटी काढून घ्या. कच्चं पाणी ८०० टीडीएसचं असेल तर चांगला मेम्ब्रेन ते चाळीसच्या आसपास आणतो. पुढे डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचं, नळकांडं लावलं तर शून्याजवळ जातं. नुसते मासे ठेवायचे असतील तर वीस-तीसवरही निभतं. टीडीएस मीटर मात्र स्वतःचा ठेवा.

पाणी साठवायचा ड्रम खाद्यपदार्थांचाच हवा. शेतातल्या औषधाचा धुतलेला ड्रम कितीही स्वच्छ दिसला तरी वापरू नका.

खडे मीठ टाकून पाणी खारं केलं तर?

नाही होत. मिठागरात समुद्राचं पाणी आटवतात तेव्हा साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, खडे धरून खाली बसतं. मॅग्नेशियम मागच्या पाण्यात राहून जातं, कॅल्शियम बराचसा त्याआधीच निघून गेलेला असतो. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. खडे मिठात ते जवळजवळ नसतं, पीएच सांभाळणारे क्षारही नसतात. म्हणून मरीन सॉल्ट नावाने मिळणारं मिश्रणच घ्या. लिटरला ३६ ते ४० ग्रॅम लागतं. दीडशे लिटरची पहिली भरणी साडेपाच ते सहा किलोत होते, पुढे दर वेळी २० लिटर पाणी बदलायला पाऊण किलो.

मीठ पाण्यात टाका, मिठावर पाणी ओतू नका. ड्रममध्ये छोटा पंप सोडून रात्रभर फिरवा, मग रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारेपणा दाखवणाऱ्या दुर्बिणीसारख्या नळीने, मोजा. घनता १.०२५-१.०२६ हवी. प्लास्टिकची तरंगत्या काट्याची डबी स्वस्त असते, पण काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा खोटा येतो.

सुरतेहून समुद्राचं पाणी कॅनमध्ये आणणारेही भेटतात. आपलीच तापी तिथे समुद्राला मिळते, गाळ घेऊन. खंभातच्या आखातातलं ते गढूळ पाणी पावसाळ्यात गोडसरही होतं. त्यापेक्षा पिशवीतलं मीठ भरवशाचं.

तळाला गिरणेची वाळू, नदीतले दगड चालतील? आणि प्रवाळ?

नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवून बघा. काळे कण लगेच चिकटतात. आपला दगड बेसॉल्ट, त्यातलं हे लोहखनिज. काच पुसायच्या चुंबकी ब्रशला ते कण लागले की काचेवर ओरखडे पडतात. अ‍ॅरागोनाइट (चुन्याच्या खनिजाची) वाळू मिळाली तर घ्या, नाहीतर तळ उघडा ठेवा, काही बिघडत नाही. काळा पाषाण विषारी नाही, पण ठोस असतो. जिवाणूंना राहायला सच्छिद्र दगड लागतो. सिरॅमिकचे किंवा कृत्रिम सच्छिद्र दगड घ्या.

प्रवाळ आणि समुद्रातून तोडून आणलेले जिवंत दगड घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे, समुद्री काकड्या आहेत. दुकानात मागच्या टाकीतून काढून दाखवले तरी ते बेकायदा आहेत, आणि समुद्रातून एक तुकडा तुटला की तो भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

दगड मांडताना ते थेट काचेच्या तळावर टेकवा, वाळू नंतर टाका. मरून क्लाउन शेपटीने वाळू उडवून खड्डे करते. वाळूवर ठेवलेला दगड त्यामुळे कलंडतो. प्रत्येक गुहेला दोन तोंडं ठेवा. एकाच तोंडाच्या गुहेत पाठलाग होणारा मासा अडकतो.

आपल्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याची टाकी जगते का? चिलर घ्यावाच लागेल?

जगते. पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचं आहे. २९ पर्यंत काही दिवस निभतात. त्यापुढे पाण्यातला ऑक्सिजन कमी होत जातो आणि माशाला तो जास्त लागायला लागतो. खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी मावतो.

चिलर परवडत असेल तर उत्तम, पण खान्देशाच्या कोरड्या हवेत एक साधी गोष्ट फार कामाला येते. टाकीच्या वर कडेला दोन छोटे पंखे लावा, वारा पाण्यावर तिरका पडेल असे. पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की दीडशे लिटर पाणी चार अंशांनी थंड करण्याएवढी उष्णता बाहेर जाते. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय लवकर थकतो. आपल्याकडे एप्रिल-मेत तो उत्तम चालतो आणि पावसाळ्यात मंदावतो, पण तेव्हा गरजही कमी असते.

कूलरचं काय, हा पुढचा प्रश्न. कूलर खोली गार करतो पण हवा ओली करतो, त्यामुळे पंख्याचं काम कमी होतं. खोलीची खिडकी उघडी ठेवून कूलर चालवला तर दोन्ही साधतं. बंद खोलीत कूलर म्हणजे दोन तासांत चिकचिक.

टाकीवर काचेचं झाकण टाकू नका, उष्णता कोंडते. उघडीही ठेवू नका, हे मासे उडी मारतात. लाकडी चौकटीला बारीक जाळी ठोकून झाकण करा. माझा एक डॉटीबॅक पहाटे सोफ्याखाली वाळलेला सापडला. त्या दिवशी जाळी काढून ठेवलेली होती.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. मे महिन्यात पंखे चालू असताना माझ्या टाकीतून दिवसाला तीन-चार लिटर जातं. ते भरून काढायचं ते बिनमिठाच्या आरओ पाण्याने. पहिल्या वर्षी मी ड्रममधलं खारं पाणीच वरून टाकत राहिलो. घनता १.०३२ वर गेली तेव्हा मासे तळाशी बसून जोरजोरात श्वास घेत होते. पाणीही लगेच गोडं करून चालत नाही. रोज थोडं थोडं खाली आणायला आठवडा गेला. काचेवर बाहेरून पट्टी लावून पाण्याची रेघ आखून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ तिथवर भरा.

लाईट गेली तर?

उन्हाळ्यात भरल्या टाकीत दोन-तीन तासांत मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असायलाच हवा, लाईट गेली की आपोआप सुरू होणारा. घरात इन्व्हर्टर असेल तर वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि पंखे त्यावर घ्या, दिवे नको. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर तासन्‌तास थांबला असेल तर लाईट आल्यावर थेट सुरू करू नका. आतलं कुजकं पाणी आधी ओतून द्या.

हिवाळ्यात हीटर लागतो?

लागतो. धुळ्याकडे पहाटे पारा एक आकडी होतो. तीन फुटीला १५० वॉटचा पुरतो. त्यावर प्लास्टिकची जाळी घाला, लायन फिश त्याला टेकून झोपतो आणि भाजतो.

मासे कुठून आणि कसे आणायचे?

बहुतेक जण मुंबईहून कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून आणतात. नंदुरबार-अमळनेरकडच्यांना ताप्ती लाईनने सुरत सोयीची पडते. रात्रीची गाडी घ्या. ऑक्सिजन भरलेली दुहेरी पिशवी थर्माकोलच्या खोक्यात, एका पिशवीत एकच मासा. आदल्या दिवशी त्याला खाऊ घालू नका असं दुकानदाराला सांगा, पण विकत घेण्याआधी आपल्यासमोर खातो का ते नक्की बघा. आग्नेय आशियात काही मासे सायनाइडने गुंगवून पकडलेले असतात, वरून धडधाकट दिसतात आणि काही आठवड्यांत जातात. क्लाउन घ्यायचा तर पैदाशीचा मागा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन फिशची पैदास आपल्या देशात करून दाखवली आहे. असा मासा टाकीला सरावलेला असतो.

घरी आल्यावर पिशवी अर्धा तास न उघडता पाण्यावर तरंगत ठेवा. उघडल्यावर मात्र रेंगाळू नका. सात-आठ तासांच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठलेला असतो. हवा लागली की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. दुकानात घनता बऱ्याचदा १.०२० च्या खाली ठेवतात. आधीच फोन करून आकडा विचारा आणि वेगळ्या, आधीच तयार केलेल्या विलगीकरणाच्या टाकीचं पाणी तेवढंच ठेवा. पुढे तिथेच ते हळूहळू वर न्या.

नव्या माशाला जुना मारतोय, काय करू?

पहिले दोन दिवस थोडा पाठलाग होतोच. पर फाटले, नवा मासा खायला बाहेर येईना, किंवा वरच्या कोपऱ्यात उभा राहिला, तर लगेच हात घाला. जुन्याला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात तीन-चार दिवस टाकीतच कोंडा. नव्याला नाही, जुन्याला. तेवढ्यात दगडांची मांडणी बदला. जुना परत सुटतो तेव्हा त्याचा ओळखीचा कोपरा राहिलेला नसतो, दोघंही नवी जागा शोधण्यात गुंततात. एकाच रंगाचे, एकाच अंगलटीचे दोन मासे मात्र कोणत्याही युक्तीने जमत नाहीत.

खायला काय द्यायचं? गप्पी सोडले तर लायन फिश खूश होतो.

होतो, आणि त्याची तब्येत बिघडते. गोड्या पाण्यातल्या माशांची चरबी त्याला मानवत नाही. गोल्डफिशमध्ये तर थायमिन नष्ट करणारं द्रव्यही असतं. बर्फातली कोळंबी, माकूळ, सुरमईचा तुकडा आलटून पालटून द्या. जळगाव-भुसावळच्या बाजारात हे सगळं येतं. मीठ लावलेलं नको, सुकट-बोंबीलही नको. लायन फिश आधी मेलेलं खात नाही. लांब चिमट्याच्या टोकाला कोळंबीची पट्टी धरून त्याच्या तोंडासमोर हलकेच थरथरवा. पहिल्या वेळी तो वळतो, पर पसरतो, जवळ येतो आणि थांबतो. चिमटा स्थिर झाला की परत जातो. आठ-दहा दिवस रोज संध्याकाळी हे केलं की एके दिवशी "टप्प" असा आवाज होतो आणि पट्टी गायब असते. मग आठवड्यातून तीनदा पुरे.

पफरला कवचासकट लहान शिंपल्या लागतात. त्याचे दात आयुष्यभर वाढतात. कठीण काही चावायला मिळालं नाही तर तोंडच मिटेनासं होतं.

अंगावर पांढरे ठिपके आलेत. शेतातलं मोरचूद टाकू का? तांबंच तर औषध आहे म्हणतात.

तांबं औषध आहे हे खरं. पण प्रमाण ०.२ पीपीएमच्या आसपास असतं. ५० लिटर पाण्याला मोरचुदाचे ४० मिलिग्रॅम होतात, चिमटीत येतं त्याहून कितीतरी कमी. घरच्या काट्यावर ते मोजताच येत नाही आणि थोडं वाढलं की मासा मरतो. तयार औषध आणि तांबं मोजायचा किट, दोन्ही हातात असतील तरच, आणि वेगळ्या टाकीत. मुख्य टाकीत कधीच नाही, दगड तांबं शोषून धरतात. पफर आणि लायन फिशला तांबं फार सोसत नाही.

ठिपके चार-पाच दिवसांत आपोआप जातात, तेव्हा बरं झालं असं समजू नका. परजीवी फक्त अंगावरून गळून तळाला गेलेला असतो. तिथे तो वाढून शेकड्यांनी परत येतो. सगळे मासे बाहेर काढून मुख्य टाकी अडीच महिने रिकामी ठेवली की तो उपाशी मरतो. हे टाळायचं तर नवा मासा सहा आठवडे वेगळा ठेवणं हाच उपाय.

लायन फिशचा काटा लागला तर?

सोसवेल तेवढ्या गरम, म्हणजे ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात हात बुडवा, पण पाणी आधी चांगल्या हाताने तपासा. विष उष्णतेने निकामी होत जातं. अर्धा ते दीड तास ठेवा आणि दवाखान्यात जाच. श्वास लागला, चक्कर आली तर पाण्यासाठी थांबू नका. घरात लहान मूल असेल तर हा मासा घेऊ नका.

फवारणी करून आलेल्या माणसाने टाकीत हात घातला तर चालतं का?

अजिबात नाही. कपाशीवर मारतात त्या सायपरमेथ्रिनसारख्या औषधांचा अंश माशांना मारायला पुरतो. कोपरापर्यंत साबणाने धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी घ्या, आणि शक्यतो त्या दिवशी हात घालूच नका. डास मारायचं द्रव, अगरबत्ती यांतही त्याच कुळातली औषधं असतात आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी लावा.

बदललेलं पाणी केळीला किंवा कुंडीला घालू का? खतच आहे ना ते?

गोड्या पाण्याच्या टाकीचं घाला. या टाकीच्या वीस लिटरमध्ये सातशे ग्रॅम क्षार आहेत. ते मातीत साठतात आणि जमीन खारवते. गटारात सोडा. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी मात्र फरशी पुसायला, संडासाला वापरा.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चार-पाच दिवस गावाला जायचंय. टाकीचं काय?

आखाजी नेमकी ऐन उन्हात येते. दिवसाला चार लिटरप्रमाणे पाच दिवसांत वीस लिटर उडालं, तर १.०२६ वर असलेली घनता १.०३० वर जाते. म्हणून खाण्यापेक्षा पाण्याची सोय आधी करा. फ्लोटवर चालणारा टॉप-अप पंप आणि २५ लिटरचा भरलेला कॅन पाच दिवस काढतो. तो जायच्या आठ दिवस आधी बसवून चालवून बघा. पहिल्यांदा निघायच्या दिवशी लावू नका.

पूर्ण वाढलेला लायन फिश पाच दिवस उपाशी सहज राहतो. क्लाउन आणि पफरसाठी शेजारच्या वहिनींकडे किल्ली द्या, पण डबा देऊ नका. प्रेमापोटी माणसं जास्तच टाकतात आणि कुजलेल्या खाण्याने टाकी बिघडते. एका दिवसाचं एक अशा कागदाच्या पुड्या बांधून त्यांवर वार लिहून ठेवा. वहिनींना तीनच गोष्टी दाखवा: काचेवरची रेघ, फिरणारे पंखे, आणि लाईट गेल्यावर बॅटरीच्या पंपाचे बुडबुडे येतायत का. यातलं काही चुकलं तर फक्त फोन करायचा, टाकीत हात घालायचा नाही.